शहराच्या सेल्स टॅक्सला मुदतवाढ : कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की टपालपेटीत काउंटीची जाडजूड पुस्तिका येते. पाठोपाठ 'कर न वाढवता सेवा टिकवा' आणि 'आणखी एक कर नको' अशी दोन्हीकडची चकचकीत पत्रकं येतात. मग तेच ते प्रश्न सुरू होतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः सॅक्रॅमेंटो शहराच्या 'मेझर यू' या सेल्स टॅक्सची आहेत (मेझर म्हणजे मतदानाला ठेवलेला स्थानिक प्रस्ताव), कारण मुदत, मुदतवाढ, दरवाढ आणि बेमुदत कर हे सगळं त्या एकाच करात बघायला मिळतं. नियम मात्र राज्यभरातल्या शहरांना लागू आहेत.

१. सेल्स टॅक्स तर राज्याचा असतो ना? मग शहराचा कर म्हणजे नेमकं काय?

पावतीवर एकच आकडा दिसतो, पण त्यात अनेकांचा वाटा असतो. राज्यभर सगळीकडे किमान दर ७.२५ टक्के आहे. त्यातले ६ टक्के राज्याच्या वेगवेगळ्या खात्यांत जातात, १ टक्का ज्या शहरात विक्री झाली त्याला मिळतो (गावाबाहेर विक्री झाली तर काउंटीला) आणि पाव टक्का काउंटीच्या वाहतुकीसाठी असतो. याच्या वर शहर, काउंटी किंवा वाहतूक संस्था मतदारांच्या संमतीने जो कर लावतात त्याला 'डिस्ट्रिक्ट टॅक्स' म्हणतात. मुदतवाढीचे प्रस्ताव येतात ते या वरच्या थराचे.

सॅक्रॅमेंटो शहरात १०० डॉलरच्या करपात्र खरेदीवर ८.७५ डॉलर कर लागतो. त्यात मूळ ७.२५, काउंटीच्या वाहतूक कराचे ०.५० आणि शहराच्या मेझर यूचा १ डॉलर. हे तिन्ही एकत्रच गोळा होतात. वसुली राज्याचं कर आणि शुल्क खातं, म्हणजे सीडीटीएफए, करतं आणि शहराचा वाटा शहराकडे पाठवतं. दुकानदाराला शहराकडे वेगळा भरणा करावा लागत नाही.

२. 'हाफ सेंट' म्हणजे खरंच अर्धा सेंट? मग एवढा गाजावाजा कशाला?

डॉलरमागे अर्धा सेंट, म्हणजे ०.५ टक्का. 'क्वार्टर सेंट' म्हणजे ०.२५ टक्का आणि 'वन सेंट' म्हणजे १ टक्का. एका घराला हा आकडा लहान वाटतो. शहराच्या तिजोरीत मात्र हॉटेलं, दुकानं, गाड्यांची विक्री आणि बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाइकांची खरेदी अशी सगळी भर पडून मोठी रक्कम जमते. तुमच्या घराचा हिशेब प्रश्न ९ मध्ये आहे.

३. मुदतवाढ आणि नवा कर यांत फरक काय?

बरेच डिस्ट्रिक्ट टॅक्स ठरावीक वर्षांसाठी मंजूर होतात. मुदत संपली की कर आपोआप बंद होतो. तो चालू ठेवायचा तर पुन्हा मतदान घ्यावं लागतं. कायद्याच्या नजरेत मुदतवाढ म्हणजे मतदारांची नवी संमतीच, त्यामुळे नव्या कराला लागणारे सगळे नियम हिलाही लागतात.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. शीर्षकात 'मुदतवाढ' लिहिलंय म्हणजे कर जसाच्या तसा पुढे चालणार, असं गृहीत धरू नका. सॅक्रॅमेंटोत २०१२ साली मेझर यू मंजूर झाला तेव्हा तो अर्ध्या सेंटचा होता आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१९ ला संपणार होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच अक्षराखाली जो प्रस्ताव आला, त्यात मुदतवाढ होतीच, शिवाय दर दुप्पट होऊन एक सेंट झाला आणि संपण्याची तारीखही गेली. सॅन रफाएलचंही असंच. २००५ चा अर्ध्या सेंटचा दहा वर्षांचा कर होता. २०१३ मध्ये त्याच्या जागी पाऊण सेंटचा, वीस वर्षांचा कर आला. दोन्ही ठिकाणी मतदारांनी होकार दिला आणि तो त्यांचा हक्क होता. पण दर आणि मुदत हे दोन आकडे जुन्या प्रस्तावाशी ताडून पाहिल्याशिवाय मत देऊ नका.

४. भारतात जीएसटीचा दर बदलला तर आपल्याला कुणी विचारत नाही. इथे मतदान का?

१९७८ च्या प्रपोझिशन १३ ने (प्रपोझिशन म्हणजे राज्यभरच्या मतदानाला ठेवलेला प्रस्ताव) घरपट्टीवर मर्यादा घातली आणि शहरांची कमाई आखडली. १९९६ च्या प्रपोझिशन २१८ ने राज्यघटनेतच लिहून टाकलं की स्थानिक कर लावायचा, वाढवायचा किंवा पुढे चालवायचा तर मतदारांची संमती हवी. त्यामुळे नगरपरिषदेला, म्हणजे सिटी कौन्सिलला, हा कर परस्पर लावता येत नाही.

महाराष्ट्रात जकात गेली, एलबीटी आला, १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर मुंबईची जकातही संपली. त्या बदल्यात महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळू लागली. यातलं काहीच मतपेटीत ठरलं नाही. इथे ते ठरतं, म्हणून इथला मतदार जास्त जबाबदार आहे.

५. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. मत देता येईल? एच-१बी किंवा ओसीआय असेल तर?

मतदानासाठी अमेरिकेचं नागरिकत्व, वय १८ पूर्ण, त्या शहरात वास्तव्य आणि मतदार नोंदणी लागते. ग्रीन कार्ड, एच-१बी, एच-४ किंवा एफ-१ वर मत देता येत नाही, कर कितीही भरत असलात तरी. ओसीआयबद्दल मात्र गोंधळ फार होतो. ते कार्ड भारत सरकार देतं आणि त्याचा इथल्या मतदानाशी काही संबंध नाही. तुमच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट असेल तर तुम्ही मतदार आहात, खिशात ओसीआय असो वा नसो.

सगळ्यात मोठा धोका डीएमव्हीत असतो. परवाना काढताना किंवा पत्ता बदलताना मतदार नोंदणीचे प्रश्न त्याच फॉर्मवर येतात. घाईत नागरिकत्वाच्या प्रश्नाला 'हो' म्हटलं गेलं आणि घरी मतपत्रिका आली, तर ती वापरू नका. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून नोंदणी रद्द करून घ्या आणि त्या पत्राची प्रत जपून ठेवा. नागरिक नसताना नोंदणी किंवा मतदान झालं, तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात त्याची उत्तरं द्यावी लागतात आणि प्रकरण गंभीर होऊ शकतं. असं काही घडलं असेल तर इमिग्रेशन वकिलाला आधी भेटा.

मत नसलं तरी तोंड बंद नाही. कौन्सिलच्या बैठकीत कुणीही बोलू शकतं. त्यासाठी नागरिकत्व तर सोडाच, नावही सांगावं लागत नाही. नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते. कर मतदानाला ठेवायचा की नाही, किती वर्षांसाठी ठेवायचा, हे त्याच बैठकांत ठरतं. तिथे आलेल्या पाच-दहा माणसांच्या म्हणण्याचं वजन मतदानाच्या दिवशीच्या एका मतापेक्षा जास्त असतं. प्रचाराला देणगी द्यायची तर ग्रीन कार्ड चालतं. व्हिसावर असाल तर देऊ नका.

६. मंजुरीला किती मतं लागतात? कुठे ५० टक्के ऐकलं, कुठे ६७.

दोन्ही बरोबर आहे. कर कुठल्या जातीचा आहे त्यावर ते ठरतं.

सर्वसाधारण कर, ज्याचा पैसा शहराच्या सर्वसाधारण निधीत जातो, त्याला निम्म्याहून जास्त मतं पुरतात. विशिष्ट कामासाठी बांधलेला विशेष कर कौन्सिलने मांडला असेल तर दोन तृतीयांश मतं लागतात. हा फरक कागदावरचा नाही. सॅक्रॅमेंटो काउंटीचा वाहतुकीसाठीचा २०१६ चा मेझर बी दोन तृतीयांशाच्या अगदी जवळ येऊन पडला. साध्या बहुमताचा नियम असता तर तो आरामात पास झाला असता.

तिसरा प्रकार नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या विशेष कराचा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अपलँड खटल्यातल्या निकालानंतर खालच्या न्यायालयांनी अशा कराला साधं बहुमत पुरेसं मानलं. त्याच वाटेने २०२२ मध्ये सॅक्रॅमेंटो काउंटीत पुन्हा वाहतूक कर आणला गेला. त्याला बहुमतही मिळालं नाही.

मतपत्रिकेवर येण्याआधी कौन्सिलमध्येही दोन तृतीयांश लागतात, आणि तेही उपस्थितांचे नव्हे तर एकूण सदस्यांचे. पाच जणांच्या कौन्सिलमध्ये ४, सात जणांच्या ५, सॅक्रॅमेंटोच्या नऊमध्ये ६, सॅन होजेच्या अकरामध्ये ८. गैरहजर सदस्य इथे विरोधी मतासारखाच मोजला जातो.

सर्वसाधारण कराचं मतदान कौन्सिलच्या नियमित निवडणुकीबरोबरच घ्यावं लागतं. अपवाद एकच: सगळ्या सदस्यांनी एकमताने आणीबाणी जाहीर केली तर आधी घेता येतं. सांता क्लारा काउंटीने नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच-अष्टमांश सेंटचा, पाच वर्षांचा मेझर ए याच वाटेने मतदानाला ठेवला आणि तो मंजूर झाला.

७. प्रस्तावात पोलीस, अग्निशमन, खड्डे, उद्यानं असं सगळं लिहिलंय. पैसा तिथेच जाईल ना?

सर्वसाधारण कर असेल तर तसं कायदेशीर बंधन नाही. ती यादी 'अशा कामांसाठी' म्हणून दिलेली असते. पैसा सर्वसाधारण निधीत मिसळतो आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात कौन्सिल तो शहराच्या कुठल्याही कामावर खर्चू शकतं. पगारावर, निवृत्तिवेतनाच्या थकबाकीवरसुद्धा. प्रस्तावाच्या मजकुरात 'सर्वसाधारण सरकारी कामांसाठी' अशा अर्थाचे शब्द असतील तर हे समजून घ्यायचं.

मग यादी देतात कशाला? कारण विशेष कर म्हटलं की दोन तृतीयांशांची भिंत उभी राहते. त्यातून एक जोडयुक्ती निघाली: एक प्रस्ताव कराचा आणि शेजारी दुसरा, 'हा पैसा अमुक कामाला वापरावा का?' असा सल्लामसलतीचा. नोव्हेंबर २०१३ मध्ये दिवाळखोरीत असलेल्या स्टॉकटनने मेझर ए हा पाऊण सेंटचा कर आणि मेझर बी हा सल्ल्याचा प्रस्ताव असे दोन्ही एकदम ठेवले होते. सल्ल्याचा कौल कौन्सिलवर बंधनकारक नसतो. नैतिक दबाव मात्र राहतो, आणि तो किती टिकतो हे पुढच्या अंदाजपत्रकांत कळतं.

म्हणून मुदतवाढीच्या वेळी विचारायचा खरा प्रश्न हा: गेल्या पाच-सात वर्षांत हा पैसा कुठे गेला? नव्या कराच्या वेळी फक्त आश्वासनं असतात. मुदतवाढीच्या वेळी हिशेब असतो. शहराच्या संकेतस्थळावर अर्थ विभागाच्या पानावर अंदाजपत्रक आणि वार्षिक लेखापरीक्षण मिळतं. त्यात कराच्या नावाने शोधा आणि कर सुरू होण्याआधीच्या वर्षाशी तुलना करा. अग्निशमनाला कराचे पैसे मिळाले, पण तेवढाच सर्वसाधारण निधी तिथून काढून घेतला गेला असेल, तर अग्निशमनाची एकूण रक्कम जागच्या जागी दिसेल. फक्त 'या करातून अग्निशमनाला इतके दिले' हा आकडा पाहिला तर हे लक्षात येत नाही.

८. देखरेख समिती असते ना? ती खर्च थांबवू शकत नाही?

नाही. सर्वसाधारण करावरची नागरिक समिती सल्लागार असते. अहवाल वाचते, शिफारस करते, कौन्सिलला कळवते. निर्णय कौन्सिलचाच. तरी समिती निरुपयोगी नाही: तिच्या बैठका खुल्या असतात, कागदपत्रं सार्वजनिक असतात आणि तिची एखादी नाराजीची नोंद वर्तमानपत्रांना नेमकी सापडते. विशेष करासाठी मात्र कायदा जास्त कडक आहे. वेगळं खातं आणि किती जमले, किती खर्चले याचा वार्षिक अहवाल बंधनकारक असतो.

९. आमच्या घराला वर्षाला किती पडेल?

महिन्याच्या एकूण खर्चावर गणित करू नका. घरभाडं, गृहकर्ज, विमा, डॉक्टर, शाळेची फी, किराणा यांवर हा कर लागतच नाही. कपडे, भांडी, फर्निचर, इलेक्ट्रॉनिक्स, घरदुरुस्तीचं सामान आणि हॉटेलातलं जेवण एवढंच धरा. ते महिन्याला १,५०० डॉलर होत असेल, तर अर्ध्या सेंटच्या कराचे महिन्याला ७.५० आणि वर्षाला ९० डॉलर होतात. पाव सेंटचे ४५, एक सेंटचे १८०. ज्या वर्षी गाडी घ्याल त्या वर्षी हिशेब बदलतो: ४०,००० डॉलरच्या गाडीवर अर्धा सेंट म्हणजे एकदम २०० डॉलर.

१०. तूरडाळ, मिठाई, चहा यांवरही लागतो का?

डाळ, तांदूळ, पीठ, मसाले, भाजी, दूध, फरसाण यांवर नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांवर नाही. बाळाच्या डायपरवर आणि सॅनिटरी पॅडवर २०२० पासून नाही. सोडा असलेल्या थंड पेयांवर लागतो. अगरबत्ती, समई, चांदीची मूर्ती, सोन्याचे दागिने यांवर लागतो.

हॉटेलात गुंतागुंत आहे. आत बसून खाल्लं तर सगळ्यावर कर. गरम वडा किंवा गरम थाळी घरी नेली तरी कर. नुसता गरम चहा बाहेर नेला तर कर नाही, तोच चहा आत बसून प्यायलात तर आहे, आणि थाळीबरोबर एकाच किमतीत आला तरी आहे. किलोवर बांधून घेतलेली थंड मिठाई साधारणपणे करमुक्त. एकाच दुकानात दोघांच्या पावत्या वेगळ्या दिसण्याचं कारण हे असतं, दुकानदाराची लबाडी नव्हे.

डिस्ट्रिक्ट टॅक्सला स्वतःची वेगळी यादी नाही. राज्याच्या करातून जे सुटतं ते साधारणपणे शहराच्या करातूनही सुटतं.

११. शेजारच्या गावात दर कमी आहे. गाडी तिकडून घेतली तर?

गाडीच्या बाबतीत उपयोग नाही. वाहनाला दर लागतो तो नोंदणीच्या पत्त्याचा. सॅक्रॅमेंटोत राहणाऱ्याने रोझव्हिलच्या डीलरकडून ३०,००० डॉलरची गाडी घेतली, तर रोझव्हिलच्या ७.७५ ने २,३२५ नव्हे तर सॅक्रॅमेंटोच्या ८.७५ ने २,६२५ डॉलर भरावे लागतात. ओळखीच्या माणसाकडून जुनी गाडी घेतली तरी डीएमव्ही नोंदणीच्या वेळी त्याच दराने यूज टॅक्स (विक्रेत्याने न घेतलेला, खरेदीदाराने स्वतः भरायचा कर) घेतं. लीजवर असेल तर दर महिन्याच्या हप्त्यावर लागतो, त्यामुळे दर बदलला की हप्ताही थोडा बदलतो.

सोफ्याचं वेगळं. रोझव्हिलच्या दुकानातून तुम्हीच उचलून आणलात तर पावतीवर तिथला दर लागतो. दुकानाने सॅक्रॅमेंटोच्या घरी पोचवला तर घराचा दर. स्वतः आणला तरी नियमाने फरकाचा यूज टॅक्स राज्याच्या आयकर विवरणपत्रातल्या त्यासाठीच्या ओळीत भरायचा असतो.

१२. सगळं ऑनलाइनच मागवतो. मग शहराला काय मिळतं?

इथेच शहरांना हा कर इतका का हवासा वाटतो ते कळतं. मूळ ७.२५ मधला १ टक्का विक्री जिथे झाली असं धरलं जातं तिथे जातो, आणि ऑनलाइन विक्रीत ते ठिकाण बऱ्याचदा दुसऱ्याच गावचं गोदाम असतं किंवा पैसा काउंटीच्या सामाईक कोट्यात पडतो. डिस्ट्रिक्ट टॅक्स मात्र माल जिथे पोचतो तिथल्या शहराला मिळतो. एप्रिल २०१९ पासून कॅलिफोर्नियात वर्षाला ५ लाख डॉलरहून जास्त विक्री करणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला तो गोळा करावा लागतो आणि ऑक्टोबर २०१९ पासून मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांना त्यांच्यावरच्या छोट्या विक्रेत्यांच्या वतीनेही. गावातली दुकानं बंद पडली तरी दारात येणाऱ्या खोक्यांवरचा हा कर गावातच राहतो. मुदतवाढीच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, तरी पत्रकांवर तो क्वचितच दिसतो.

१३. 'नाही' जिंकलं तर दुसऱ्या दिवसापासून कर कमी होतो?

नाही. चालू कर त्याच्या मूळ मुदतीपर्यंत चालतो. मुदत संपल्यावरच दर उतरतो. मधल्या काळात कौन्सिल पुन्हा प्रस्ताव आणू शकतं, त्यावर बंदी नाही. 'आम्ही एकदा नाही म्हटलं, तरी परत कसा आला?' या तक्रारीचं उत्तर हेच.

मुदतीची तारीख आणि मतदानाची तारीख यांच्यात किती अंतर आहे ते पाहा. नवा किंवा वाढीव दर लागू व्हायला मंजुरीनंतर ११० दिवस उलटून पुढची तिमाही सुरू व्हावी लागते. नोव्हेंबरात मंजूर झालेला कर साधारण १ एप्रिलला लागतो, जूनमधला १ ऑक्टोबरला. सॅन होजेचा पाव सेंटचा मेझर बी जून २०१६ मध्ये मंजूर होऊन १ ऑक्टोबर २०१६ ला लागला, पंधरा वर्षांसाठी. मुदत संपल्यावर मतदान घेतलं तर मधल्या काही महिन्यांचं उत्पन्न शहराचं गेलंच.

१४. मुदत संपायला अजून वर्षं आहेत. आत्ताच का विचारताहेत?

पहिलं कारण वर आलंच: पडला तर दुसरी संधी हवी. सर्वसाधारण कराला नियमित निवडणूक लागते आणि ती दोन वर्षांनी येते. मेझर यूचं मतदान मुदतीच्या जेमतेम पाच महिने आधी झालं. ते पडलं असतं तर १ एप्रिल २०१९ ला अर्धा सेंट गेलाच असता. दुसरं कारण, अंदाजपत्रक. दोन वर्षांनी उत्पन्नात खड्डा दिसत असेल तर शहर कायम नोकरभरती टाळतं. तिसरं कारण कर्जउभारणीचं: पुढची वीस वर्षं हा पैसा येणार असं दाखवता आलं तर इमारतींसाठी कर्ज स्वस्त पडतं. तिसरं कारण असेल तर ते कौन्सिलच्या अहवालात स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. नसेल तर बैठकीत विचारा.

१५. 'मतदार रद्द करेपर्यंत' असं लिहिलंय. म्हणजे किती वर्षं?

म्हणजे बेमुदत. वालेहोने दिवाळखोरीतून बाहेर पडताना २०११ मध्ये एक सेंटचा कर दहा वर्षांसाठी आणला आणि २०१६ च्या मेझर व्हीने ती मुदतच काढून टाकली.

रद्द करण्याचा हक्क खरा आहे. प्रपोझिशन २१८ नुसार कुठलाही स्थानिक कर कमी किंवा रद्द करण्यासाठी नागरिक सह्या गोळा करून प्रस्ताव आणू शकतात, आणि त्यासाठी गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत त्या शहरात पडलेल्या मतांच्या ५ टक्क्यांहून जास्त सह्या मागता येत नाहीत. पण सह्या गोळा करायला माणसं, वेळ आणि पैसा लागतो. मुदत असलेल्या करात संमती मागण्याचं काम शहराचं असतं. बेमुदत करात तो बंद करून दाखवण्याचं काम तुमचं होतं. आमच्या मते शहराचा कारभार चांगला असला तरी मुदत असावी, कारण त्या निमित्ताने हिशेब मांडला जातो. बेमुदतीच्या बाजूनेही एक रास्त मुद्दा आहे: दर काही वर्षांनी निवडणुकीचा खर्च आणि सेवेतल्या माणसांच्या डोक्यावर टांगती तलवार.

१६. हा कर गरिबाला जास्त जाचतो हे खरं का?

हो. कमी कमाईच्या घरात उत्पन्नाचा मोठा भाग करपात्र वस्तूंवर जातो, त्यामुळे टक्केवारीत बोजा जास्त पडतो. किराणा आणि औषधं वगळल्याने तो कमी होतो, संपत नाही. उलट बाजूला हेही धरायला हवं की बंद ग्रंथालयाचा किंवा उशिरा येणाऱ्या रुग्णवाहिकेचा फटकाही त्याच घरांना आधी बसतो.

१७. पुस्तिका पन्नास पानी आहे. काय वाचू, काय सोडू?

या क्रमाने वाचा. मतपत्रिकेवरचा प्रश्न ७५ शब्दांच्या आत असतो. त्यात दर, मुदत आणि वर्षाला अंदाजे किती रक्कम जमेल हे तिन्ही लिहिणं कायद्याने सक्तीचं आहे. ते तीन आकडे वहीत उतरवा. मग शहराच्या वकिलाचं तटस्थ विश्लेषण वाचा. ते ५०० शब्दांपर्यंत असतं आणि 'सर्वसाधारण कर' की 'विशेष कर' हे त्यात हमखास सापडतं. नंतर बाजूचे आणि विरोधी युक्तिवाद, प्रत्येकी ३०० शब्द, आणि त्यांची प्रत्युत्तरं, प्रत्येकी २५० शब्द. युक्तिवादांची तथ्यं कुणी तपासून छापत नाही, तेव्हा सह्या कुणाच्या आहेत ते बघा. शेवटी वटहुकमाचा, म्हणजे कर लावणाऱ्या शहराच्या कायद्याचा, पूर्ण मजकूर. सगळा नको, मुदतीचं आणि 'कौन्सिल हा वटहुकूम दुरुस्त करू शकतं का' हे कलम पुरे.

प्रस्तावाचं अक्षर काउंटी देते. तेच अक्षर दुसऱ्या गावात अगदी वेगळ्या विषयाचं असतं, म्हणून मित्राने 'मेझर के-ला हो म्हण' सांगितलं तर आधी त्याचं गाव विचारा.

१८. शहरच करदात्यांच्या पैशातून पत्रकं पाठवतंय. हे चालतं?

माहिती देणं चालतं, मत मागणं चालत नाही. 'कर मंजूर झाला नाही तर अंदाजपत्रकात अमुक तूट येईल' हे शहर सांगू शकतं. 'हो म्हणा' सांगू शकत नाही. १९७६ पासून न्यायालयांनी ही रेघ आखलेली आहे. मधल्या मऊ भाषेच्या पत्रकांवर वाद होतात. शैली, वेळ आणि सूर पाहून न्यायालय ठरवतं. तक्रार राज्याच्या एफपीपीसी या आयोगाकडे करता येते.

१९. आई-बाबा नागरिक आहेत, पण इंग्रजी मतपत्रिका वाचता येत नाही. आम्ही भरून दिली तर?

मदत चालते, निवड त्यांची हवी. मतदाराला जास्तीत जास्त दोन माणसांची मदत घेता येते, फक्त ती त्यांचा मालक किंवा कामगार संघटनेची प्रतिनिधी नसावीत. मजकूर मराठीत वाचून सांगा आणि त्यांनी सांगितलेलाच गोल भरा. लिफाफ्यावर सही त्यांनीच करायची, आणि ती नोंदणीतल्या सहीशी जुळायला हवी. देवनागरीत सही करून नोंदणी केली असेल तर लिफाफ्यावरही देवनागरीतच. ज्येष्ठांची मतं अडकतात ती बहुतेक इथेच. सही जुळली नाही तर काउंटी पत्र पाठवते. ते जाहिरात समजून टाकू नका, दिलेल्या मुदतीत दुरुस्तीची सही पाठवली की मत मोजलं जातं. लिफाफ्यावर निवडणुकीच्या दिवसापर्यंतचा पोस्टाचा शिक्का हवा. शेवटच्या दिवशी टपालपेटीपेक्षा काउंटीची मतपेटी बरी.

२०. माझं छोटं दुकान आहे. मला काय बदलावं लागेल?

दर तोच राहिला तर काहीच नाही. दर वाढला तर तिमाहीच्या पहिल्या दिवशी बिलिंगच्या यंत्रात नवा दर टाका. आदल्या रात्रीच्या बिलाला जुना दर, सकाळच्या पहिल्या बिलाला नवा. घरपोच देत असाल तर गिऱ्हाइकाच्या पत्त्याचा दर लावावा लागतो आणि विवरणपत्राच्या डिस्ट्रिक्ट टॅक्सच्या परिशिष्टात तो त्या त्या शहरापुढे दाखवावा लागतो. चूक होते ती पिनकोडवरून दर काढल्याने (प्रश्न २२ पाहा). कमी कर घेतला तर फरक तुमच्या खिशातून जातो.

एक अपवाद लक्षात ठेवा. वाढीव दर लागू होण्याआधी ठरावीक किमतीचा लेखी करार झाला असेल आणि तो कुणालाही एकतर्फी मोडता येत नसेल, तर त्या विक्रीवर वाढीव डिस्ट्रिक्ट टॅक्स लागत नाही. नुसतं कोटेशन किंवा तोंडी बोलणं यात बसत नाही.

२१. दोन टक्क्यांची मर्यादा आहे म्हणतात. मग काही शहरांत दर इतका जास्त कसा?

काउंटीत कुठल्याही एका ठिकाणी डिस्ट्रिक्ट टॅक्सची बेरीज २ टक्क्यांवर जाऊ नये, असा राज्याचा नियम आहे. म्हणजे वरची हद्द ९.२५. पण विधिमंडळाने ठरावीक शहरांना, काउंट्यांना आणि वाहतूक करांना वेळोवेळी सूट दिली आहे, म्हणून बे एरियात १० टक्क्यांच्या वरचे दर दिसतात.

मुदतवाढीशी याचा संबंध असा: शहर, काउंटी आणि वाहतूक संस्था एकाच दोन टक्क्यांत जागा शोधत असतात. शहराने आपला अर्धा सेंट सोडला आणि तेवढ्यात काउंटीचा नवा कर मंजूर झाला, तर शहराला परत यायला जागाच उरत नाही, राज्याकडून खास सूट मिळवेपर्यंत. हा मुद्दा प्रचारात धाक दाखवण्यासाठीही वापरला जातो. तुमच्या काउंटीत किती जागा शिल्लक आहे, हे सीडीटीएफएच्या दरपत्रकातून स्वतः मोजून बघा.

२२. आमचा पत्ता सॅन होजेचा आहे, पण मतपत्रिकेवर शहराचा प्रस्तावच नाही. चुकून राहिला का?

बहुधा नाही. टपालाच्या पत्त्यातलं गाव आणि शहराची हद्द या वेगळ्या गोष्टी आहेत. पत्ता सॅन होजेचा, पण जमीन काउंटीच्या थेट अखत्यारीतली, अशी वस्त्यांची बेटं तिथे आहेत. तिथल्या रहिवाशांना शहराच्या करावर मत नसतं, आणि घरपोच मालावर शहराचा करही लागू नये. दोन्ही एकाच हद्दीने ठरतात. सीडीटीएफएच्या संकेतस्थळावर पूर्ण पत्ता टाकून दर काढा. तिथे शहराचं नाव न येता काउंटीचं आलं, आणि ऑनलाइन पावतीवर मात्र शहराचा दर असला, तर तुमच्याकडून जास्त घेतलं जातंय. विक्रेत्याला पत्त्यासह लिहा आणि फरक परत मागा. परतावा विक्रेत्याकडूनच मागायचा असतो, शहराकडून नाही.